दस्तऐवज आणि जबानी

औंढा नागनाथाचे देऊळ मागे टाकून सिद्धेश्वरच्या रस्त्याला लागले म्हणजे थोड्या वेळाने माळरान सरते आणि पूर्णा नदीचे अडवलेले पाणी, फाल्गुन उतरणीला लागला तरी डोळ्यांत न मावणारे, समोर पसरलेले दिसते. वरच्या अंगाला येलदरीचे धरण आणि त्याखाली हे सिद्धेश्वरचे, अशी ही जोडी आहे. येलदरीला वीज करून सोडलेले पाणी येथे येऊन विसावते आणि येथून कालव्यांच्या वाटेने परभणी, हिंगोली आणि नांदेड जिल्ह्यांतल्या शिवारांत जाते. मी लहान असताना हिंगोली हा अद्याप परभणी जिल्ह्याचाच भाग होता, १९९९ साली तो निराळा झाला. आणि त्या दिवसांत धरणावरचा कर्मचारी पाण्यात उभ्या केलेल्या मोजपट्टीवरचा आकडा वाचून वहीत चढवी, व त्या एका उंचीवरून सगळ्या जलाशयात किती दशलक्ष घनमीटर पाणी आहे हे कोष्टकात पाहून सांगे, तेव्हा बाहेरून आतला साठा ओळखण्याच्या या विद्येचे मला अतोनात नवल वाटे. यंदा त्याच विद्येचा एक दुसरा प्रकार आमच्या घरात पाहण्याची वेळ आली.

आमच्या वडिलांची, म्हणजे दादांची, बायपास शस्त्रक्रिया एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात झाली. शस्त्रक्रिया निर्वेध पार पडली. परंतु तिसऱ्या दिवशी त्यांना बोलताना धाप लागू लागली, वाक्य मध्येच तोडावे लागू लागले. खाटेवर निजवूनच एक्स-रे काढला गेला, डावीकडे काहीशी पांढरी छटा आहे, फुप्फुसाचा खालचा भाग मिटला असावा, असा शेरा मिळाला आणि दादांना फुंकण्याचा व्यायाम सांगण्यात आला. दादा दिवसभर प्रामाणिकपणे फुंकत राहिले आणि धाप वाढत राहिली. दुसऱ्या दिवशी कामावर आलेल्या एका तरुण डॉक्टरांनी सोनोग्राफीचे लहानसे यंत्र खाटेशी आणले, बरगड्यांच्या फटीवर जेल लावून प्रोब ठेवला आणि दोन मिनिटांत सांगितले की हे मिटलेपण एकटे नाही, त्याच्या भोवती पाणी आहे. संध्याकाळपर्यंत पाऊण लिटर पाणी काढले गेले आणि रात्री दादा सलग पाच तास झोपले. त्या दिवसभरात त्यांनी किती आशेने फुंकले होते हे मी पाहिले आहे. म्हणून या विषयावर मला तटस्थपणे लिहिता येणार नाही.

दादांना गावी आणल्यावर तिसऱ्या आठवड्यात मामा भेटीला आले आणि त्याच दिवशी नांदेडहून ताईही आली. मामांनी सरकारी नोकरीची सारी वर्षे क्षयरोग्यांच्या छात्या तपासण्यात घालवली. ताई भूलतज्ज्ञ आहे आणि अतिदक्षता विभागात काम करते. दुपारची जेवणे झाल्यावर दोघेही ओसरीवर बसली आणि बोलणे अर्थातच त्या पाऊण लिटर पाण्याकडे वळले.

“तुझ्या यंत्राने दाजींच्या छातीतले पाणी शोधले, त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे,” मामा म्हणाले. “परंतु एका यशावरून साधनाची पारख होत नसते. पोरी, एक्स-रेची फिल्म हा दस्तऐवज आहे. ती मी वाचतो, उद्या दुसरा वाचतो, दहा वर्षांनी तिसरा वाचू शकतो, आणि पहिल्याची चूक दुसरा पकडू शकतो. तुझी सोनोग्राफी ही जबानी आहे. ज्याच्या हातात प्रोब होता त्याने जे पाहिले ते तो सांगतो आणि इतरांनी ते मानायचे. मी जबानीला हलके लेखत नाही. परंतु नुसत्या जबानीवर फैसला करणारा अंमलदार मला कधी भरवशाचा वाटला नाही.”

“मामा, दस्तऐवज खरा, पण तो कोणत्या अवस्थेत नोंदला गेला हे पाहावे की नाही?” ताईने विचारले. “माणूस उभा असताना काढलेल्या फिल्मवरसुद्धा सुमारे दोनशे मिलिलिटर पाणी जमल्याशिवाय बरगडीकडचा कोपरा बोथट झालेला दिसत नाही. शस्त्रक्रियेनंतरचा माणूस तर निजलेला असतो. त्याचे पाणी पाठीकडे पसरते आणि फिल्मवर नुसते धुके दिसते; हवा साठली असेल तर ती छातीच्या पुढच्या बाजूला चढून बसते आणि फिल्मवर पुष्कळदा दिसतच नाही. म्हणजे ज्या घडीला आपल्याला दस्तऐवजाची सर्वांत अधिक गरज, त्याच घडीला तो सर्वांत पुसट. उलट सोनोग्राफीला वीस मिलिलिटर पाणीही दिसते, आणि पाणी म्हणून दिसते. मिटलेले फुप्फुस यकृतासारखे भरीव दिसते, त्याच्याभोवतीचे पाणी काळे दिसते. दादांच्या बाबतीत एका पांढऱ्या छटेत मिसळून गेलेल्या दोन गोष्टी पडद्यावर वेगळ्या झाल्या.”

मामांनी मान हलवली. त्यांना हे ठाऊक होते. पण त्यांचा खरा आक्षेप मुळातला होता. आम्हाला वैद्यक शिकवताना सांगत असत, ते म्हणाले, की ध्वनी हवेपुढे हतबल असतो, म्हणून हवेने भरलेले फुप्फुस हे सोनोग्राफीचे क्षेत्रच नव्हे. मग ज्या अवयवात ध्वनी शिरतच नाही त्याचे चित्र आले कोठून?

या प्रश्नावर ताईचा चेहरा खुलला. तिने जे सांगितले ते मला या सगळ्या विषयातले सर्वांत सुंदर प्रकरण वाटते, म्हणून ते जरा विस्ताराने लिहितो. माणसाच्या कानाला वीस हजार हर्ट्झच्या पलीकडचा ध्वनी ऐकू येत नाही. प्रोबमधून निघणारा ध्वनी काही दशलक्ष हर्ट्झचा असतो आणि मांसातून तो सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. फुप्फुसाच्या आवरणापाशी तो हवेला भेटतो आणि जवळजवळ सगळाच्या सगळा परत फिरतो. त्वचा आणि आवरण यांच्यामध्ये तो येरझारा घालत राहतो, आणि त्या येरझाऱ्यांच्या सारख्या अंतरावरच्या आडव्या रेघा पडद्यावर उमटतात. म्हणजे त्या रेघांखाली फुप्फुसाचे चित्र असे काहीच नसते. तो एक नियमित आभास असतो. परंतु निरोगी फुप्फुस प्रत्येक श्वासागणिक छातीच्या आतल्या अंगाला घासून सरकते, आणि ते सरकणे आवरणाच्या झगमगत्या रेघेवर स्पष्ट दिसते. दोहोंमध्ये हवा शिरली की सरकणे थांबते, रेघ निश्चल होते. फुप्फुसात ओल धरली की वरून खाली धूमकेतूंच्या शेपटांसारख्या उभ्या रेघा उतरतात आणि त्या आडव्या रेघांना पुसून टाकतात. आभास बदलला की कारण बदलले, असा हा हिशेब आहे.

“आणि एक मौज सांगते,” ताई म्हणाली. “एका ओळीवरची हालचाल काळाच्या क्रमाने मांडली, तर निरोगी छातीचे चित्र वर शांत लाटा आणि खाली वाळू असे दिसते; त्याला समुद्रकिनाऱ्याची खूणच म्हणतात. हवा शिरली की वाळू नाहीशी होते आणि वरपासून खालपर्यंत नुसत्या लाटांच्या रेघा उरतात. मी ही खूण प्रथम पाहिली तेव्हा मुंबईचा समुद्रही पाहिलेला नव्हता. मला सिद्धेश्वरचा काठच आठवला.”

सरकण्याची ही खूण माणसांच्या आधी घोड्याच्या छातीत नोंदली गेली होती, १९८६ साली, पशुवैद्यकात. माणसांसाठी ती फ्रान्समधील डॅनियल लिख्टेनस्टाइन यांनी अतिदक्षता विभागात रुग्णांच्या खाटांशी बसून पडताळली आणि १९९५ साली, सरकणे दिसले तर त्या जागी हवा शिरलेली नाही, हे प्रसिद्ध केले. पुढे २००८ साली त्यांनी तीव्र धापेच्या रुग्णांकरिता एक क्रमबद्ध पद्धती मांडली. म्हणजे शास्त्र ज्या आभासाला अनेक वर्षे निरुपयोगी म्हणून टाकून देत होते, त्यातच खुणा दडलेल्या होत्या.

“सरकणे दिसले तर हवा नाही, हे मी मानतो,” मामा म्हणाले, आणि येथे त्यांचा आवाज किंचित चढला. “परंतु सरकणे दिसले नाही तर? पोरी, मी या मुलखातल्या हजारो छात्या पाहिल्या आहेत. ज्याला तरुणपणी क्षय होऊन गेला, त्याचे फुप्फुस बरगडीला चिकटून बसलेले असते. ते सरकणार कोठून? अशा म्हाताऱ्याचे हृदयाचे ऑपरेशन झाले आणि रात्रीच्या पाळीच्या एखाद्या नवख्याने, सरकत नाही म्हणजे हवा आहे, असे ठरवून छातीत नळी घातली, तर ती नळी चिकटलेल्या फुप्फुसातच जाईल. ज्याने हे यंत्र घडवले त्याच्या देशातली छाती आणि वसमतच्या शेतमजुराची छाती, या दोन्ही एका नियमाने वाचू नका.”

ताई काही क्षण गप्प राहिली. मला वाटते, तिला हा आक्षेप नवा नव्हता, पण तो इतक्या जवळून आला होता की उत्तर घाईने देणे तिला प्रशस्त वाटले नाही. मग ती म्हणाली, “तुमचे म्हणणे पूर्ण खरे आहे. न सरकणे हा केवळ संशय आहे. चिकटलेले फुप्फुस सरकत नाही, शस्त्रक्रियेत आवरण मुद्दाम चिकटवले असेल तर सरकत नाही, श्वासनळीची नळी एका बाजूला खोल गेली तर दुसरी बाजू सरकत नाही. म्हणून हवा आहे असे म्हणण्यासाठी आम्ही ती सीमा शोधतो, जेथे एका श्वासात फुप्फुस टेकते आणि दुसऱ्या श्वासात सुटते. ती सापडली तरच शिक्कामोर्तब. आणि त्वचेखाली हवा पसरली असेल, दाबले की करकर वाजते ती, तर प्रोब ठेवण्यातही अर्थ नाही. ध्वनी तेथेच अडतो. छातीची शस्त्रक्रिया झालेल्यांत हे वारंवार होते. मलमपट्ट्या, नळ्या, टाके यांनी जागा व्यापलेली असते. फुप्फुसाच्या खोल पोटातली गाठ आवरणाला लागलेली नसेल तर मला दिसणार नाही. या सगळ्या मर्यादा मला मान्य आहेत.”

मामांनी बोट दुधाळ्याच्या दिशेने केले. याच औंढा तालुक्यात दुधाळ्याच्या शिवारात गुरुत्वलहरींचा वेध घेणारी लायगो वेधशाळा उभारण्याचे ठरले आहे आणि मामांनी त्याविषयी जे जे मिळेल ते वाचले आहे. “१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत पहिली लहर टिपली गेली,” ते म्हणाले, “ती दोन यंत्रांनी, एकमेकांपासून तीन हजार किलोमीटर दूर असलेल्या दोन यंत्रांनी टिपली, म्हणून तिच्यावर विश्वास बसला. एकट्या यंत्राला रस्त्यावरचा ट्रकही हलवतो. तुझ्या जबानीला दुजोरा कोण देणार? आणि आणखी एक. तू प्रोब जेथे ठेवलास तेथलेच तुला दिसले. फिल्मवर मी न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरे असतात. मानेतून घातलेली नळी कोठे टेकली आहे, छातीतली नळी वाकली आहे का, हृदयाभोवतीची सावली रुंदावली आहे का. एका शेरेबाज माणसाने फिल्म नीट वाचली नाही, एवढ्यावरून फिल्मला बडतर्फ करू नकोस.”

मला या मुद्द्यावर मामांचे म्हणणे अधिक बळकट वाटले, आणि ताईलाही ते तसेच वाटले असावे, कारण तिने ते खोडले नाही. शस्त्रक्रिया संपल्यावर एक फिल्म काढावीच, ती म्हणाली. तिचा वाद रोज सकाळी ठराविक वेळी सर्वांच्याच काढल्या जाणाऱ्या फिल्मशी होता. धाप लागली, ताप आला, प्राणवायूची पातळी उतरली, की त्या क्षणी प्रथम हात सोनोग्राफीकडे जावा. प्रत्येक बाजूच्या सहा जागा ठराविक क्रमाने पाहाव्यात, प्रत्येक जागेचे चलच्चित्र साठवावे, आणि नोंदवहीत जागा, वेळ आणि पाहणाऱ्याचे नाव लिहावे. “म्हणजे जबानीचा पंचनामा होईल, मामा.” छाती आणि पोट यांमधल्या श्वासाच्या पडद्याचाही तिने उल्लेख केला: हृदयाच्या शस्त्रक्रियेत बर्फाच्या थंडीने किंवा छातीतली धमनी सोडवताना त्या पडद्याची शीर कधी बधिर होते आणि मग श्वास घेताना पडदा खाली जाण्याऐवजी वर चढतो, स्थिर फिल्मवर तो केवळ उंच दिसेल, सोनोग्राफीत त्याची उलटी चाल डोळ्यांनी दिसते.

यानंतर बोलणे अशा एका गोष्टीकडे वळले की जिची चर्चा परदेशी ग्रंथांत होत नाही, पण आपल्याकडे ती टाळताच येत नाही. ताईची तक्रार अशी, की यंत्र प्रत्येक खाटेशी जावे असे शास्त्र म्हणते आणि कायदा यंत्राला जागेशी बांधून ठेवतो. गर्भ पाहू शकणारे प्रत्येक यंत्र नोंदणीच्या कक्षेत येते, हातात नेण्याजोग्या यंत्रावर तर २०१२ साली आणखी निर्बंध आले, नोंदलेल्या रुग्णालयाच्या आवारात दाखल रुग्णांसाठी किंवा फिरत्या वैद्यकीय पथकात एवढाच त्याचा वापर. छाती तपासणाऱ्याला याचा काच होतो.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग अत्यंत शांतपणे म्हणाले, “काच होऊ दे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा आपल्या महाराष्ट्राने केला, १९८८ साली. संसदेचा कायदा त्यानंतर, १९९४ मध्ये. तरीसुद्धा २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली उरल्या होत्या, आणि आपल्या मराठवाड्यातल्याच बीड जिल्ह्यात ८०७. हे यंत्र आपल्या हाती आले तेव्हा आपण त्याचे काय केले, हे त्या आकड्यांत लिहिलेले आहे. तुझ्या प्रोबवर जे साखळदंड आहेत ते त्या न जन्मलेल्या मुलींच्या नावाने आहेत. ते सैल करायचे तर रुग्णालयाच्या आत, नोंदवहीच्या आत करा. आवाराबाहेर नको.”

ताईचे डोळे भरून आले होते. “आवाराबाहेर मीही मागत नाही,” ती म्हणाली. “अतिदक्षता विभागात, नोंदलेल्या यंत्राने, पण मध्यरात्री आणि खाटेशी. एवढेच.” त्या वादात यापुढे कोणाला काही म्हणायचे उरले नाही, आणि मी दोघांनाही दोष देऊ शकत नाही.

हिंगोलीला २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, याचे मामांना मोठे समाधान आहे. पूर्वी छातीची कसलीही गुंतागुंत झाली की नांदेडची वाट धरण्याखेरीज गत्यंतर नसे. तेथे शिकणाऱ्या मुलांना छाती ठोकून पाहायला शिकवतात का, असे त्यांनी विचारले. ग्राट्स गावच्या एका खानावळवाल्याचा मुलगा, औएनब्रुगर, याने १७६१ साली छाती ठोकून आतले पाणी ओळखण्याची रीत लिहून ठेवली. बापाच्या तळघरातली पिंपे ठोकून त्यांतला साठा ओळखताना ती सुचली, असे सांगतात. आपल्याकडच्या बायका रांजण आणि कणगी याच रीतीने ठोकतात. ध्वनी आत पाठवायचा आणि परत येणाऱ्यावरून साठा ओळखायचा, हे त्यातही होते. “मग मी काय निराळे करते?” ताई म्हणाली. “स्टेथोस्कोप आला आणि वैद्याचा कान छातीपासून दूर गेला, एक्स-रे आला आणि वैद्यच खोलीबाहेर गेला. या यंत्रामुळे मला पुन्हा खाटेवर बसावे लागते, रुग्णाच्या बरगड्यांवर हात ठेवावा लागतो, त्याला विचारावे लागते, दुखते का.”

मामांनी तिच्याकडे पाहिले. त्यांनी काही उत्तर दिले नाही, पण ते उठले.

आतल्या खोलीत दादा पडले होते. दोन दिवसांपासून ओट्याच्या पायऱ्या चढताना पुन्हा दम लागतो, असे त्यांनी सकाळी सहज सांगितले होते. बायपासनंतर पाणी दोनदा गाठू शकते, पहिल्या दिवसांत आणि मग काही आठवड्यांनी, बहुधा डावीकडेच. हे मामा आणि ताई दोघांनाही ठाऊक होते आणि दोघांनीही ते आईसमोर उच्चारले नाही. मामांनी दादांना बसते केले, “दाजी, जरा पुढे वाका,” असे म्हणून डाव्या हाताचे मधले बोट पाठीवर सपाट ठेवले आणि उजव्याने त्यावर ठोकत ते वरून खाली आले. वरचा आवाज भरघोस, पोकळ. खाली एका ठिकाणी तो एकाएकी बद्द झाला, भरलेल्या रांजणासारखा. मलाही तो फरक ऐकू आला. त्यांनी खिशातून पेन काढून तेथे पाठीवर एक आडवी रेघ ओढली.

“किती असेल?” दादांनी विचारले.

“माझे बोट पातळी सांगते, साठा सांगत नाही,” मामा म्हणाले आणि ताईकडे वळले.

“पाण्याची जाडी मिलिमीटरमध्ये मोजायची आणि तिला विसाने गुणायचे, म्हणजे अदमासे मिलिलिटर निघतात,” ताई म्हणाली. “पण शस्त्रक्रियेनंतर आत जाळी धरलेली असली तर हा हिशेब चुकतो, गाळ भरलेल्या धरणाचे जुने कोष्टक चुकते तसा. ती जाळीही दिसते, म्हणून तर पाहायचे. उद्या सकाळी हिंगोलीला जाऊ. रेघ पुसू देऊ नका, मी प्रोब बरोबर तिच्यावरच ठेवून पाहीन.”

“फिल्मही काढून घे,” मामा म्हणाले, “उभे करून.”

“उभे करूनच.”

आई इतका वेळ दारात उभी होती. सोनोग्राफी म्हणजे उपाशीपोटी जायचे, पोटभर पाणी पिऊन बसायचे, एवढेच तिला ठाऊक. तिने विचारले, सकाळी यांना काही खायला देऊ की नको? छातीच्या सोनोग्राफीला उपाशी राहावे लागत नाही, ताई म्हणाली. भाकरी खाऊन निघू, आणि मामांचीही एक जास्त टाक, तेही येतो म्हणत आहेत.